सोफ्याच्या पोटातली ठिपकी

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. एरवी बसायचा आणि पाहुणा आला की झोपायचा. माझी बैठक ओढली की पोटातून पलंग बाहेर येतो. ऐकायला मोठी गंमत वाटते. पण तो पलंग ज्या लोखंडी पट्ट्यांवरून सरकतो, त्या कात्रीसारख्या उघडतात आणि कात्रीसारख्याच मिटतात. मला जोडणाऱ्या कारागिराची डावी करंगळी अर्धीच होती. उरलेली कुठे गेली, हे त्याने कधी कुणाला सांगितले नाही.

या घरात आलो तेव्हा माझे फार कौतुक झाले. आई रोज पुसायची, बाबा सांध्यांना तेल द्यायचे. पाहुणे "काय सोय आहे!" म्हणायचे. जो जास्त कौतुक करतो तो जास्त दिवस राहतो, हा हिशेब मला लवकरच कळला. पुढे तेल बंद झाले. सांधे गंजले, तळाचे काळे कापड एका कोपऱ्यात फाटले. बाबा अजूनही माझ्यावर धप्पकन बसतात, जणू दिवसभराचा राग सोबत आणला आहे. आई काठावर टेकते, कारण तिला लगेच उठायचेच असते. आत्या मात्र मधोमध बसते, घर तिच्याच नावावर असल्यासारखी.

आणि बबडी. ही घरातली एकुलती एक लेक. मामाने तिला एक पाळीव पाल आणून दिली होती. पिवळी, अंगभर काळे ठिपके. म्हणून ती ठिपकी. तिचे बिऱ्हाड काचेच्या पेटीत. बाबांनी परवानगी दिली ती एका अटीवर. "एकदा जरी पेटीबाहेर दिसली, तर त्याच दिवशी घराबाहेर. मग रडायचं नाही."

एका संध्याकाळी अळ्या खायला घालून बबडीने झाकण लावले, पण घाईत. थोड्या वेळाने पाहते तर पेटी रिकामी. ती येऊन माझ्यावर बसली. एवढीशी पोर, पण त्या दिवशी ती मला जड लागली. तिने फक्त आत्याला सांगितले. आत्या पालीला इतकी भिते की भिंतीवर सावली हलली तरी स्टुलावर चढते. ती म्हणाली, "तुझ्या बापाला मी सांगणार नाही. पण ती माझ्या अंगावर आली, तर सगळ्या गल्लीला कळेल."

दोघींनी पडद्यामागे पाहिले, चपला झटकल्या, फ्रिजच्या मागच्या उबेत डोकावल्या. माझ्याकडे कुणी वाकून पाहिले नाही. आणि ठिपकी तर फाटक्या कापडातून माझ्याच पोटात शिरली होती. तिची गार बोटे माझ्या लोखंडावरून चालली. पालींना अंधार आणि अडचण आवडते. दोन पट्ट्या जिथे येऊन मिटतात, नेमकी तीच जागा तिने निवडली. मला एकच बोली येते, स्प्रिंगची. मी त्याच बोलीत कुरकुर केली. बाबा म्हणाले, "या खोडाचं काहीतरी करायला हवं," आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

निजण्याआधी आत्याने युक्ती काढली. जमिनीवर पिठाचा पातळ थर भुरभुरला. बाबांना सांगितले, मुंग्यांसाठी आहे. सकाळी बबडी पाहते तर पिठात इवल्या पावलांची रांग आणि मधोमध शेपटीची रेघ. रांग माझ्याखालून निघून फ्रिजपर्यंत गेली होती आणि वळून पुन्हा माझ्याखाली येऊन संपली होती. ती पालथी पडून आत डोकावते आहे, तोच दाराची घंटा वाजली.

मामा आला होता. रात्रभरच्या प्रवासाने डोळे तांबारलेले. "दाजी, चहा नंतर. आधी पाठ टेकू द्या." बाबांनी उशा उचलल्या, बबडीला बाजूला व्हायला सांगितले आणि दोन्ही हातांनी माझी बैठक धरली.

बबडी त्या हातांकडे पाहत राहिली. बोलली तर ठिपकी घरातून जाणार. गप्प राहिली तर जगातून. तेवढ्यात बाबांनी हिसका दिला. गंजाने मला धरून ठेवले, तरी मी चार बोटे सरकलोच. आत काहीतरी मऊ तडफडले.

बबडीने माझ्यावर उडीच टाकली.

"ऊठ," बाबा म्हणाले.

"नाही उठणार."

"भाचीबाईंना मामा जड झालेला दिसतो," मामाने चेष्टा केली.

ती हसली नाही. "बाबा, ओढू नका. आत ठिपकी आहे. झाकण मीच नीट लावलं नव्हतं. तिला बाहेर काढा, मग कुणालाही देऊन टाका."

बाबांचे हात माझ्यावरून हळूहळू सुटले. मला आडवे केले. आईने कात्रीने तळाचे कापड उसवले. सगळ्यात आधी बाहेर पडली ती शेपटी. नुसतीच शेपटी, अजून वळवळणारी. आत्या स्टुलावर चढली, पण आज तिला कुणी हसले नाही.

मग बाबांनी आत हात घातला. माझी एक स्प्रिंग ताणलेली होती. ती सुटली असती तर पट्ट्या मिटल्या असत्या, आणि मध्ये बाबांचे मनगट होते. आयुष्यभर ज्या गंजाला मी शिव्या घातल्या, त्याच्या जिवावर मी तेव्हा तग धरला. हात बाहेर आला, मूठ सैल मिटलेली. मुठीत ठिपकी. शेपटी बुंध्यापाशी तुटलेली, डोळे उघडे, पोट धडधडत होते.

मामा म्हणाला, शेपटी पुन्हा येते, पण पहिल्यासारखी नाही. आखूड आणि बेढब.

बबडीने स्वतःच पेटी आणून बाबांपुढे ठेवली आणि वाट पाहिली. बाबा त्या निपचित झालेल्या शेपटीकडे पाहत होते. "ओढणारे हात माझे होते," ते म्हणाले. मग त्यांनी झाकण चाचपून पाहिले, चपला घातल्या आणि बाजारातून एक घट्ट कडी आणली. अटीचे नाव तेव्हाही कुणी काढले नाही आणि पुढेही नाही. मामा जमिनीवर झोपला.

मला पुन्हा शिवले आहे, सांध्यांना तेलही मिळाले आहे. आता मी एका बोटानेसुद्धा उघडतो, आणि मित्रांनो, म्हणूनच मला भीती वाटते. लोखंडाला दया येत नाही. आत कोण झोपले आहे, हे ते विचारत नाही. ते विचारायचे काम तुमचे. कपाट असो, गाडी असो की माझ्यासारखा म्हातारा सोफा, ओढण्याआधी एकदा खाली वाका. आत कुणी असेल, तर त्याला हाक मारता येत नसेल.