बावीसचा शिक्का

सकाळची बारा पोरं शाळेत सोडून ती टेकडीचा उतार उतरत होती. वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला आणि पॅडल थरथरलं, स्टिअरिंगही. व्हॅन थांबली, पण थांबायला हवी होती त्याच्या चांगली दोन हात पुढे. पहिल्या गिअरवर रांगत तिने गाडी मिस्त्रीकडे नेली.

हातातलं काम संपवून बाराच्या सुमाराला मिस्त्रीने पुढची चाकं काढली आणि तिला जवळ बोलावलं. दोन्ही डिस्कवर खोल चरे पडले होते. पॅडवरचा, डिस्कला घासणारा मसाला जवळजवळ संपला होता.

"टर्निंग मारून, वरचे चरे घासून भागेल?" तिने विचारलं.

"जाडी उरलीय कुठं?" त्याने व्हर्निअर लावून दाखवला. "नवी बावीस मिलिमीटर असते. वीसच्या खाली वापरायची नाही. ही साडेएकोणीसवर आलीय. दोन्ही डिस्क आणि पॅडचा सेट, सगळं नवं आणा. एकपर्यंत आणलंत तर शाळा सुटायच्या आत गाडी देतो." ती निघाली तशी त्याने व्हर्निअर तिच्या हातात कोंबला. "मोजून घ्या हं. डब्यावर काय, काहीही छापतात हल्ली."

स्पेअर पार्टचं दुकान तिच्या धाकट्या दिरांचं होतं, त्यामुळे दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. नवरा गेला तेव्हा व्हॅन घ्यायची कल्पना त्यांचीच. गाडी शिकवलीही त्यांनीच, रोज पहाटे, स्वतःचं दुकान उघडायच्या आधी.

"या वहिनी!" काय हवं ते ऐकून दिरांनी हसत दोन डिस्क आणि पॅडचा डबा काउंटरवर ठेवला. "नेहमीचा माल दोन दिवसांनी येईल. पण हा घ्या, अगदी तसाच आहे, डबा तेवढा वेगळा."

डिस्क आरशासारखी चकचकीत होती. कडेवर बावीसचा शिक्का होता. तिने व्हर्निअर लावला. वीस पूर्णांक चार. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. दुसऱ्या बाजूने मोजलं. तेच. दुसरी डिस्क घेतली. वीस पूर्णांक तीन.

"भाऊजी, ही नवी असून झिजल्यासारखीच आहे."

"अहो, इतकं काय मोजायचं? सोनं घेताय का?"

तिने पॅड उचलला. लोखंडी पट्टी आणि मसाला यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसत होती. तिथे नख घालून रेटलं, तर कोपऱ्याचा टवका निघून काउंटरवर पडला.

दिरांचं हसू मावळलं. "पंचवीस वर्षं मी हा धंदा करतोय वहिनी. चार गिऱ्हाइकांसमोर तुम्ही मला..."

"माझ्या गाडीत बारा पोरं असतात," ती म्हणाली. तिने पॅड त्यांच्यापुढे धरला. "तुम्हीच रेटून बघा."

त्यांनी रागारागाने अंगठा दाबला. आणखी एक टवका पडला. त्यांनी तो उचलून उजेडात धरला.

"परवा मी पोरीच्या गाडीला हाच माल लावलाय."

त्यांची मुलगी टेकडीवरच्या इस्पितळात नर्स होती. सकाळपाळी एकला सुटायची आणि याच उताराने घरी यायची. घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. दिरांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. कुणी उचलेना.

स्कूटरची किल्ली त्यांना भोकात घालता येईना. "सरका, मी चालवते," ती म्हणाली आणि ते मागे बसले.

पोरीची गाडी पांढरी होती, आणि चढावर समोरून येणारी प्रत्येक गाडी तिला पांढरीच वाटत होती. मागून दीर सारखे विचारत होते, "ही का? ही होती का?" तिसऱ्या वळणावर खरंच पांढरी गाडी दिसली. रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात नाक खुपसून उभी होती. दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

दीर धावत्या स्कूटरवरूनच उतरले आणि पडता पडता वाचले.

"बाबा, इकडे!"

पोरगी पलीकडे कठड्यावर बसली होती. गुडघा खरचटला होता, हातात एकच चप्पल होती. "ब्रेक दाबला तर खाड्कन काहीतरी तुटलं आणि पॅडल खाली गेलं. गिअर उतरवले, हँडब्रेक ओढला, आणि सरळ खडीत घातली. फोन कुठे पडला देव जाणे. काकू, तुम्ही कशा आलात?"

काकूने तिला इतकं घट्ट धरलं, की ती म्हणाली, "अहो, दुखतंय!" दीर गाडीजवळ उभे राहून चाकाच्या आत बघत होते. पॅडची पट्टी एकीकडे आणि मसाला भलतीकडे.

व्हॅन त्या दिवशी पोरांना आणायला गेली नाही. कठड्यावर बसूनच तिने बारा घरी फोन केले. एका आईने ऐन वेळी सांगितल्याबद्दल चांगलं सुनावलं. तिने माफी मागितली आणि पुढचा नंबर लावला.

तोवर दिरांनीही फोन काढला होता. "तो डबा नेला होता ना तुम्ही? गाडी आहे तिथेच ठेवा. चूक माझी आहे... हो, माझीच." तो माल नेलेली अशी सात माणसं निघाली. सातवा फोन लागेपर्यंत त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते समोरच्या दुकानात गेले. त्या दुकानदाराशी त्यांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. त्यांनी चार डिस्क आणि पॅडचे दोन सेट मागितले, अर्धा माल वहिनींसाठी, अर्धा पोरीसाठी, आणि तिथेच उभं राहून एकेक डिस्क मोजली. त्या दुकानदाराने उजेडाकडचा पंखा बाजूला सरकवून जागा करून दिली.

मिस्त्रीने सगळं बसवून व्हॅन बाहेर काढली. "दोनशे किलोमीटर जपून. एकदम दाबायचा नाही, डिस्क आणि पॅड एकमेकांत बसू देत."

तिने रिकाम्या रस्त्यावर दहादा थांबून पाहिलं. व्हॅन दहाही वेळा गप्पकन उभी राहिली. तरीही दुपारी पोरांना घेऊन उतरताना तिचा पाय वळणाच्या कितीतरी आधीच ब्रेकवर जात होता.

"मावशी, पुढे काहीच नाहीये!" मागून एक जण ओरडला आणि सगळी हसली.

"माहितीय मला," ती म्हणाली, आणि पुन्हा ब्रेक दाबला.