पुडीबाबांचा कोप

दवाखान्याच्या फाटकासमोर त्या दिवशी एका आजोबांनी काठी फेकून दिली. नुसती फेकली नाही, तर गर्दीसमोर चक्क उकिडवे बसून दाखवलं आणि कुणाचाही हात न धरता उठले. टाळ्यांचा कडकडाट झाला. औषधाच्या पुड्या वाटत खुर्चीत बसलेल्या पुडीबाबांनी डोळे मिटूनच मान डोलावली.

"डॉक्टर रोगाला झोपवतात, मी हाकलून देतो!" बाबा गरजले. "पुडीत काय आहे विचारू नका, विचारलं की गुण जातो. आणि पुडी सोडू नका. सोडली की कोप! मग मला बोल लावायचा नाही!"

लोकांच्या अंगावर काटा यायचा, कारण कोप खराच होत होता. पुडी सोडलेली माणसं ओकून ओकून अंथरुणाला खिळत आणि पुन्हा पुडी घेतली की उठून बसत. आता याहून मोठा पुरावा कुठला हवा?

समोरच्या सरकारी दवाखान्यात औषध विभागाच्या प्रमुख बाई हे सगळं खिडकीतून बघत आणि चरफडत. औषधांचा साठा, गोदाम, खिडकीवरची माणसं, सगळा भार त्यांच्यावर. सांधेदुखीच्या गोळ्यांचे खोके धूळ खात पडले होते आणि साखरेच्या गोळ्या मात्र पुरत नव्हत्या. ज्यांना कधी मधुमेह नव्हता, तेही रांगेत दिसू लागले होते. सगळ्यांचे चेहरे गरगरीत.

"चेहऱ्यावर तेज आलंय," लोक म्हणत.

"तेज कसलं डोंबलाचं, सूज आहे ती!" बाई म्हणत. पुडीत स्टिरॉइड असल्याचा त्यांना दाट संशय होता.

त्यांनी मोठ्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "बाई, लोकांच्या भावना आहेत. आपण आपली औषधं वाटावीत." औषध निरीक्षक म्हणाले, "पुडी तपासायला पाठवा." पाठवली. प्रयोगशाळेकडून उत्तर आलं, नमुने तुंबलेत, वेळ लागेल. बाईंना वाटलं, या सगळ्यांपेक्षा भिंत बरी. डोकं आपटलं तर निदान आवाज तरी होतो.

त्यात दिव्याखालीच अंधार. बाईंच्या हाताखालचा, खिडकीवर बसणारा फार्मासिस्टच बाबांचा भक्त.

"मॅडम, माझी आई जिना चढायला लागली!"

"अहो, पण पुडीत आहे काय?"

"जडीबुटी."

"कुठली? तुम्ही फार्मसी शिकलात ना?"

"गुण आल्याशी मतलब, मॅडम."

बाईंनी साठ्याची वही जोरात मिटली.

मग एका सकाळी तोच फार्मासिस्ट आईला रिक्षातून घेऊन आला. ती लेकीकडे राहायला गेली होती आणि पुड्या घरीच विसरली होती. आता अंग थंडगार, रक्तदाब तळाला गेलेला, हाकेला ओ नाही.

"कोप झाला, मॅडम!" तो रडत म्हणाला. "बाबांना बोलवा!"

"बाबा नंतर!" बाई वॉर्डातल्या डॉक्टरांकडे धावल्या. "ही रोज पुडी घेत होती, अचानक बंद झालीय. मला स्टिरॉइड वाटतंय."

डॉक्टरांनी नाडीवर हात ठेवला, पायावरचे निळे डाग पाहिले आणि क्षणभरही न दवडता सलाइन आणि इंजेक्शन सुरू केलं. हळूहळू आईचे हात उबदार झाले. तिने डोळे उघडले आणि घोटभर चहा मागितला.

संध्याकाळी बाबा वॉर्डात अवतरले. मागे भक्तांचा घोळका.

"दुपारी ध्यान लावलं," बाबा म्हणाले, "आणि बसल्या जागेवरून कोप उतरवला. त्याच क्षणी माउलीने डोळे उघडले!"

भक्तांनी हात जोडले. फार्मासिस्टने मात्र जोडले नाहीत.

"बाबा, डोळे तिने सकाळीच उघडले होते. सलाइन लावल्यावर. मी शेजारीच होतो."

"देवाचं घड्याळ वेगळं असतं, बाळा."

"आणि कोप कशाबद्दल? ती तुमच्या नावाशिवाय पाणी पीत नव्हती. पुडी विसरली, एवढाच तिचा गुन्हा?"

बाबांना अचानक दुसरीकडे जायचं आठवलं.

दुसऱ्या दिवशी फार्मासिस्टने स्वतः तक्रार केली. निरीक्षक बाबांच्या खोलीत शिरले, तेव्हा बाई आणि तो सोबत होते. पडद्यामागे देव नव्हता. स्वयंपाकघरातला मिक्सर होता, सुवासिक भुकटीचा डबा होता आणि पोतंभर रिकामी गोळ्यांची पाकिटं. फार्मासिस्टने एक उचललं. रोज खिडकीवर तो डॉक्टरची चिठ्ठी पाहूनच जी स्टिरॉइडची गोळी देत असे, तीच ही. ते पाकीट त्याने स्वतःच निरीक्षकांच्या हातात दिलं.

बाबांना पोलिसांनी नेलं. बाईंना वाटलं, सुटले. पण सकाळी खिडकीसमोर ही गर्दी!

"ताई, बाबा लबाड होता, पण गोळी तर खरी होती ना? मग तीच द्या की आम्हाला!"

बाईंनी कपाळावर हात मारला. मग दार उघडून त्या सरळ रांगेत आल्या.

"ऐका! हे औषध आपलं शरीर स्वतः थोडं थोडं बनवतं. घरी रोज आयता डबा यायला लागला की चूल विझते ना? तसं शरीर ते बनवणं सोडून देतं. मग एक दिवस डबा आला नाही की उपासमार! हाच तुमचा कोप. दुखणं थांबलं, कारण औषध जोरदार आहे. पण साखर वाढली, हाडं झिजली, ती कुणी मोजली? म्हणून पुडी एकदम फेकू नका. आधी डॉक्टरांना भेटा, ते हळूहळू कमी करतील. आणि पुन्हा कुणी काही चाटवायला आलं, तर आधी विचारा, यात काय आहे, किती आहे, उलटलं तर जबाबदार कोण? देवाचं असो की डॉक्टरचं, प्रश्न विचारल्याने खऱ्या औषधाचा गुण जात नाही. न विचारल्याने माणूस जातो!"

काहीजण कुरकुरत निघून गेले. पुढे उभी असलेली एक आजी मात्र हलली नाही. बाईंनी आत जाऊन तिला डॉक्टरांनी लिहिलेली गोळी दिली. आजीने ती डोळ्यांजवळ धरून संशयाने उलटसुलट फिरवली.

"आणि तुमच्या ह्या गोळीत काय आहे गं?" तिने फटकन विचारलं.

इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंना हे कुणीच विचारलं नव्हतं. मागची रांग खोळंबली तरी चालेल, असं ठरवून त्यांनी खुर्ची बाहेर आणून आजीपुढे ठेवली.

"सांगते," त्या म्हणाल्या. "बसा आजी."