घोट्याचं मशीन

"अगं, ते घोट्याचं मशीन दे की जरा. गुडघा फार धरलाय." शेजारच्या काकू बोलत बोलतच आत आल्या. मागे त्यांची सून.

आईने पायावरची मशीनची पट्टी काढायला हात घातलासुद्धा. जेमतेम पाच मिनिटं झाली होती. रोज अर्धा तास, बारा आठवडे, खाडा करायचा नाही, असं दवाखान्यातल्या फिजिओबाईंनी बजावलं होतं. या आठवड्यात चार दिवस मशीन काकूंकडेच.

"आई, देऊ नकोस."

"गप गं. त्यांचं दुखतंय."

चूक आईचीच. पट्ट्या घोट्याजवळ लावतात, म्हणून तिने सगळ्यांना सांगून टाकलं, घोटा मुरगळलाय. खरं काय ते आम्हा दोघींनाच माहीत. ती कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवते. लघवीची कळ आली की तिला थांबवत नाही, आणि जागेवरून उठायचं तर सुपरवायझरला विचारावं लागतं. तो मान वर करेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. जादाचे कपडे पिशवीत घेऊनच जाते. घोट्याजवळच्या शिरेला बारीक करंट देणारं हे मशीन लावायला लागल्यापासून फरक पडला होता. मागच्या महिन्यात दोनदाच बदलावे लागले. या आठवड्यात परत रोज.

"पोरगी भारी चिकट हो तुझी," काकू हसल्या. "शाळा सोडून घरी बसलीये, निदान मन तरी मोठं ठेवावं."

झालं. माझं डोकंच फिरलं.

"ते घोट्याचं नाहीये! लघवीचं आहे! तिला धरवत नाही, कपड्यातच होते! तुमच्या गुडघ्याला काय कप्पाळ फरक पडणार?"

सून तोंडावर हात धरून भिंतीकडे बघायला लागली. काकूंची नजर आईच्या पायावरून सरकत ती बसली होती त्या गादीवर गेली. ती नजर तिथून ओढून काढावीशी वाटली मला. पण तिथे नेली मीच होती.

"येते हं," म्हणून काकू निघाल्या. सूनही गेली.

आई ओरडली असती तर मीही ओरडले असते. ते मला जमतं. ती फक्त म्हणाली, "पट्टी सुटलीये. लाव."

खाली बसले. पट्टी भलतीकडेच लावली. तिने माझं बोट धरून घोट्याच्या वर, आतल्या बाजूला नेलं. "इथे."

मी मशीनवरचा करंटचा आकडा वाढवत गेले. पायाचा अंगठा हलला की शीर बरोबर सापडली समजायचं.

"आई, मी..."

"अर्ध्या तासाची वेळ लाव आधी."

अंगठा फडफडायला लागला. अर्धा तास आम्ही दोघी त्याच्याकडेच बघत बसलो. दुसरीकडे कुठे बघणार?