चेहरा सोडून सगळं

पावाच्या दुकानातल्या रांगेत चिमीने आपल्या होणाऱ्या सासूला "जरा सरका हो बाई" म्हणत बाजूला केलं, पाव घेतला आणि चालू पडली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आता बोला! आणि लग्न अगदी तोंडावर आलेलं.

दुपारी सासूबाई तरातरा चिमीच्या मावशीच्या सलूनमध्ये शिरल्या. चिमी तिथेच केस कापते. हात असा की भल्याभल्यांनी तोंडात बोटं घालावीत. नशीब, तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, नाहीतर चांगलीच शोभा झाली असती.

"आत्तापासूनच ओळख दाखवत नाही, ती पुढे काय दिवे लावणार? हे लग्न मोडलं म्हणून समजा!"

चिमीचा चेहरा पांढराफटक पडला. त्या मुलावर तिचा जीव होता, अगदी वेड्यासारखा. "अहो, त्या तुम्ही होतात? पण डोक्याला स्कार्फ, अंगात नवा कोट. मी ओळखायचं तरी कशावरून?"

"तोंडावरून!"

"तोंडावरून कसं ओळखणार? नाक, डोळे सगळ्यांनाच असतात की."

मावशी आणि सासूबाई एकमेकींकडे बघत राहिल्या. चिमीला यात काही वावगं वाटेना. माणूस ओळखायचा तो केसांवरून, आवाजावरून, चालण्यावरून. चेहऱ्याचं काय, पाठ फिरली की विसरला. सगळ्यांचंच असं होत असणार, असं ती जन्मभर धरून चालली होती.

"अगं बये," मावशी मटकन खुर्चीत बसली, "आम्हाला चेहरे लक्षात राहतात! म्हणून तू गिऱ्हाईक टोपी काढेपर्यंत नुसतं 'या, बसा' करतेस होय? आणि मी मेली तुला घुमी समजत होते!"

"सगळ्यांचे लक्षात राहतात? पोस्टमनचासुद्धा?"

"पोस्टमनचासुद्धा!"

चिमीला हसूच फुटलं. एवढी गर्दी डोक्यात घेऊन ही माणसं झोपतात तरी कशी?

सासूबाईंचा राग उतरला, पण आता दुसरीच धास्ती बसली. "अगं, माझी जुळी पोरं म्हणजे एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. शेजारपाजारचे सोड, मीसुद्धा फसते. नवरा कुठला नि दीर कुठला, तुला कळणार कसं?"

चिमीने डोळे विस्फारले. "ते सारखे दिसतात?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात दार उघडून चौकड्यांचं जाकीट घातलेला मुलगा धापा टाकत आत आला. त्याला पाहून त्या म्हणाल्या, "बरं झालं आलास. बघ तुझी होणारी बायको काय म्हणते!"

"हे भाऊजी आहेत," चिमी म्हणाली. "जाकीट तेवढं त्याचं घातलंय. तो काय, बाहेर पाय पुसतोय. मी आत असले की त्याला लवकर आत यायचा धीरच होत नाही."

सासूबाईंनी बाहेर डोकावून पाहिलं. त्यांचा दुसरा मुलगा खरोखरच पायपुसण्यावर उभा होता, कानापर्यंत लाल झालेला. तो हळूच आत आला.

"आई, शाळेपासून जो भेटतो तो आधी विचारतो, 'तू यातला कुठला?'" तो म्हणाला. "हिने कधीच विचारलं नाही. एकदासुद्धा नाही."

सासूबाईंचे डोळे भरून आले, आणि त्यातच त्यांना खो-खो हसू आलं. त्यांनी चिमीला जवळ ओढलं.

"रस्त्यात दिसलीस की यापुढे मीच आधी हाक मारीन," त्या म्हणाल्या. "आणि घरात कोण कुठला, ते तू मला सांगत जा."