ॲव्हरेज अकरावर आलं

"अहो, उतरून पायी गेलात तरी गाठाल त्या ट्रकला!"

बाईंनी असं म्हटल्यावरही मास्तरांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय जराही दाबला नाही. मास्तर म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. बायकोला, म्हणजे बाईंना, गाडी चालवायला शिकवलं तेवढं सोडलं तर आयुष्यात त्यांनी कुणालाच काही शिकवलं नव्हतं. पण डिझेल वाचवण्यात त्यांचा हात धरणारा डेपोत कुणी नव्हता, म्हणून ते सगळ्यांचे ॲव्हरेजमास्तर. लेकीने नवी गाडी घेतली आणि जुनी दणकट एसयूव्ही आईबापांना दिली, तेव्हापासून मास्तर ती झोपलेलं बाळ घेऊन निघाल्यासारखी चालवत. समोरच्या पडद्यावर लिटरला अठरा किलोमीटर दिसले की त्यांची कळी खुलायची.

आज मात्र घाई होती. पलीकडच्या गावात बाईंच्या गायनवृंदाचा कार्यक्रम होता आणि सुरुवातीचं कडवं बाई एकट्या गाणार होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच. वाटेत रस्त्याचं काम लागलं, मोठा वळसा पडला, आणि आता हा चढ नि पुढे हा रडतखडत चाललेला ट्रक.

"रस्ता रुंद झालाय. काढा ना पुढे!"

"चढावर दाबली की इंजिन घटाघटा पितं गं. माथ्यावर पोचलो की मग..."

"तोवर बाकीच्या गाऊन घरी जातील. गाडी कडेला घ्या."

"अगं पण..."

"घ्या म्हणते ना!"

हा आवाज बाई क्वचितच काढत. मास्तरांनी निमूटपणे गाडी थांबवली आणि जागांची अदलाबदल झाली. बाईंनी सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, मागचा रस्ता पाहिला आणि गाडी सोडली.

आजवर नुसतं घोरणारं इंजिन एकदम गरजलं. मास्तरांची पाठ सीटला चिकटली. बघता बघता ट्रक मागे पडला. पडद्यावरचा आकडा सोळा, तेरा असा गडगडत खाली आला.

"अगं, अकरा! अकरावर आलं!" मास्तर ओरडले, आणि आपण चक्क हसतोय हे त्यांच्या लक्षात आलं. नोकरीभर पाठीमागे बसभर माणसं असायची. जोर लावायचा म्हणजे कुणाच्या तरी हाडांना हिसका. आज मागच्या सीटवर कुणीच नव्हतं.

"एवढा दम होता हिच्यात?"

"तुम्ही कधी मागितलात?" बाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, आणि त्याही खुदकन हसल्या. मग माथा येईपर्यंत दोघांचं हसू काही थांबेना.

सभागृहाच्या दारात बाई उतरून धावतच आत गेल्या. मास्तर गाडी लावून पोचले, तोवर पडदा वर गेला होता. ते मागच्या भिंतीशी उभे राहिले.

पहाटेची पाळी करून मास्तर दुपारी झोपायचे, तेव्हा बाई शिवणयंत्रावर बसून गुणगुणायच्या. त्यांची झोपमोड होऊ नये, इतक्या हळू. तोच बायकोचा आवाज, असं मास्तर इतकी वर्षं धरून चालले होते. आता ती गाऊ लागली आणि तिचा सूर भरल्या सभागृहावरून थेट मागच्या भिंतीपर्यंत आला.

शेजारच्या माणसाने खुर्ची पुढे सरकवली. "बसा की, काका."

"नको," मास्तर कुजबुजले, "असंच ऐकतो."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि ते ताठ उभे राहिले.