ओप्तातसचे सात साक्षीदार

ओप्तातस तीस वर्षं बासिलिकात पडदे ओढत होता. चौकाच्या कडेच्या त्या अवाढव्य इमारतीत एकाच छपराखाली चार न्यायालयं भरायची आणि मध्ये भिंती म्हणून नुसते जाड पडदे. इकडचा वकील रंगात आला की टाळ्या तिकडून पडायच्या. निम्मं रोम तिथं यायचं. कुणी खटल्यासाठी, कुणी उन्हापावसातून आडोशाला, कुणी नुसतंच वेळ काढायला. ओप्तातसला सगळे चेहरे पाठ होते. आपल्याला कोण ओळखतं, हे मात्र त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

छातीत कळा यायला लागल्या तेव्हा त्यानं मृत्युपत्र करायचं मनावर घेतलं. बायको गेलेली, मूलबाळ नाही. मृत्युपत्राशिवाय मेला, तर होतं नव्हतं ते सगळं जुन्या धन्याच्या घरी जाणार. त्याला गुलामीतून मोकळं केलं म्हणून तेवढा त्यांचा हक्कच होता, पण त्याच्या थडग्याकडे ते लोक ढुंकूनही बघणार नव्हते. दर फेब्रुवारीत, पितरांच्या दिवसांत, कुणीतरी थडग्यावर घोटभर वाइन ओतावी, एवढंच त्याला हवं होतं. ते काम करील अशी एकच व्यक्ती होती, पायऱ्यांवर गरम हरभरे विकणारी हेल्पिस.

पायऱ्यांवरच बसणाऱ्या लेखनिकानं मेणाच्या पाट्यांवर सगळं लिहून घेतलं. मग मान वर न करता म्हणाला, "साक्षीदार बोलाव. सात लागतात."

"एक ही आहे की," ओप्तातसनं हेल्पिसकडे बोट दाखवलं.

"अरे, बाई आहे ती! आणि वारसही तीच. पुरुष लागतात, तेही नागरिक."

"काका, थांबता का मला मिशा फुटेपर्यंत?" हेल्पिस म्हणाली.

ओप्तातस बोटं मोजायला लागला. दारावरचा पहारेकरी गुलाम, तो बाद. झाडूवाला, तोही गुलाम. शेजारच्या खोलीतला लोहार कधीच गाव सोडून गेला होता. पहिलं बोट काही मिटेना.

इतक्यात एक वकील पायऱ्या चढून आला. अकरा वर्षं ओप्तातसनं त्याच्यासाठी पडदा धरला होता.

"मालक, जरा एक शिक्का उमटवाल का?"

"कोण रे तू?" वकील म्हणाला, आणि उत्तराला न थांबता आत गेला.

ओप्तातसला आधी नुसती लाज वाटली. मग राग आला, आणि राग आला तो चांगलाच आला. तो तरातरा आत गेला आणि दोर ओढून त्यानं चारही पडदे एकापाठोपाठ एक सताड उघडले.

चार खटले एकमेकांत मिसळले. एका कोपऱ्यातला जमिनीचा वाद दुसऱ्या कोपऱ्यातल्या सावत्र आईवर जाऊन आदळला. वरच्या सज्जांतली माणसं कठड्यावरून वाकून बघू लागली.

"मला सात माणसं हवीत," ओप्तातस ओरडला. आवाज चिरकला. "मृत्युपत्राला. माझं कुणी नाही."

लोक खो खो हसले. "हा म्हातारा उद्यापासून इथं दिसता कामा नये!" एक न्यायाधीश गरजला.

तेवढ्यात एक लठ्ठ मासळीवाला उठला. "चला, नाहीतरी इथं झोपच येत होती." त्याच्यामागून एकमेकांवर खटला भरलेले दोन भाऊ निघाले, आणि वरच्या सज्जांतून आणखी चौघं उतरले. वकील काही आला नाही.

पायऱ्यांवर प्रत्येकानं मेणात आपली अंगठी दाबली. शेजारी लिहायचं होतं, शिक्का कुणाचा आणि मृत्युपत्र कुणाचं. त्यामुळे प्रत्येकाला विचारावंच लागलं.

"नाव काय रे तुझं?"

ओप्तातसनं सात वेळा आपलं नाव सांगितलं. मासळीवाल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळे पांगले.

"पाट्या जपून ठेव गं," लेखनिक हेल्पिसला म्हणाला. "हा गेला की या सातांना बोलावणं धाडायचं. येऊन आपापला शिक्का ओळखल्याशिवाय हे उघडत नाहीत."

"सगळे येतील?" ओप्तातसनं विचारलं.

"निम्म्याहून जास्त तर यावेच लागतात. कायदाच आहे."

"म्हणजे चार तरी येतील."

"चार तरी."

ओप्तातस हसला. हेल्पिसनं हरभऱ्यांच्या पातेल्यात उगीचच डाव फिरवला. त्याची बायको गेली त्या दिवशी तिला पोचवायला तो एकटाच होता.