खडूची वडी

“कोणाला सांगू नकोस हं, चिमणे.”

बाबांचा तो आवाज तिच्या कानात अजून जसाच्या तसा होता. बाबा शिंपी. कापायच्या टेबलाशी बसलेले, ओठांच्या कडेला पांढरी पूड, हातात मापं आखायच्या खडूची अर्धी वडी. ती तेव्हा अकरा वर्षांची, आणि तिने विचारलं नव्हतंच काही. नुसती दारात उभी होती. बाबांनी ओठ पुसले, ओशाळं हसले आणि मशीनवर बसून नेहमीचं गाणं धरलं,

सुई गं माझी बाई, जाई कापडाच्या रानी
दोरा मागं मागं चाले, जसं लेकरू अनवाणी

दुसरी ओळ अर्ध्यातच तुटली. दम पुरला नाही. वर्षभरात बाबा गेले, बावन्नाव्या वर्षी. लोक म्हणाले, झिजला बिचारा. कशाने झिजला ते कोणी विचारलं नाही, आणि खडूचं तिने कोणाला सांगितलं नाही.

आता त्या टेबलाशी ती बसायची. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. वय एकावन्न. पाळी जाऊन तीन वर्षं झालेली, भाऊ वारलेला. दुकानात ती आणि वहिनी दोघीच. हिने कापायचं-शिवायचं, वहिनीने काजं-बटणं करायची आणि दोघींच्या वाटचं बोलायचं.

गेल्या वर्षापासून एक शीण तिच्या अंगात बिऱ्हाड करून राहिला होता. झोपून उठली तरी दमलेलीच. दोन बाह्या जोडेपर्यंत पाय असे जड व्हायचे की जणू चिखलातून ओढतेय. आधी तिने दोष मशीनला दिला. तेल पाजलं, पट्टा बदलला. मशीन भरभर पळायला लागली, पाय मात्र तिथेच. स्वतःच्या कपड्यांच्या शिवणी तिने दोनदा आत घेतल्या. शिवणीपलीकडे आत राहणाऱ्या जादा कापडाची माया बोटभर होती ती चार बोटं झाली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. तीन महिने बरं वाटलं. गोळ्या संपल्या आणि शीण परत दारात हजर.

आणि त्याच्या मागोमाग खडू. गोळ्या चालू होत्या तोवर तिला त्याची आठवणही नव्हती. आता रेघ आखता आखता जिभेला पाणी सुटायचं. कोरड्या मातीवर पहिला शिंतोडा पडावा तसा तो वास. वहिनीची पाठ वळली की एक कोपरा तोंडात.

वहिनीला कुरतडलेल्या वड्या सापडल्या आणि तिने उंदराचा पिंजरा आणला.

मास्तरीणबाईने तो टेबलाखाली ठेवू दिला. त्या पिंजऱ्याकडे बघून तिला हसूही यायचं आणि भीतीही वाटायची. बोलून दाखवलं तर बाबांचं मरण आपल्या अंगावर मापात बसेल, असं काहीतरी.

त्या दुपारी डॉक्टरीणबाई आल्या, पांढऱ्या कोटाचं फिटिंग बघायला. जुनं गिऱ्हाईक. मास्तरीणबाई गुडघ्यांवर बसून खालच्या घडीला टाचण्या लावत होती. लावून झाल्या, पण उठता येईना. टेबलाची कड धरून उठली तेव्हा धाप लागली होती.

“वर बघा जरा,” म्हणत डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढली. मग नखं पाहिली. मधे खोलगट, चमच्यासारखी. “अहो, हे काय! पापणीत रंगच नाही. किती दिवस?”

“वर्ष झालं,” वहिनी म्हणाली. “सांगते तर म्हणतात, वय झालं.”

“वयाने रक्त पळून जात नाही. पोटाचं काही? दुखणं, शौचाला रक्त, कधी जुलाब, कधी कुंथणं?”

“काही नाही. पोट अगदी शहाणं आहे,” मास्तरीणबाई म्हणाली.

“तिथेच फसायला होतं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला काही वाढत असलं तर पोट चकार शब्द काढत नाही. रक्त थेंबथेंब जातं, डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो नुसता शीण.”

वहिनीच्या हातातलं बटण घरंगळलं. “म्हणजे कॅन्सर?”

“असेलच असं नाही. पण पाळी गेल्यावर रक्त कमी होतंय, तर कुठून जातंय ते दुर्बिणीने बघायलाच हवं. नुसत्या गोळ्या खाणं म्हणजे फाटक्या खिशात टाचण्या टाकत बसणं.”

“शाळांचे गणवेश आटपू देत,” मास्तरीणबाई म्हणाली. “दोन महिन्यांनी बघू.”

“दोन महिने नाहीत हं. घरात कोणाला होतं असं? आई, वडील? तसं असेल तर मी एक आठवडासुद्धा थांबू देणार नाही.”

“नाही. कोणाला नाही.”

उत्तर इतकं पटकन आलं की तिचं तिलाच ते उसवल्यासारखं वाटलं. डॉक्टरीणबाई कोट उतरवायला लागल्या. वहिनीने बटण शोधायला वाकून टेबलाखालचा पिंजरा ओढला आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. मनातली भीती लपवायची तिची ती तऱ्हा.

“परत रिकामा! बघा डॉक्टरीणबाई, दीड महिना झाला. पाव ठेवला, शेंगदाणे ठेवले, मेला ढुंकून बघत नाही. खडूच पाहिजे! असला वैरागी उंदीर सात जन्मात पाहिला नाही मी. वन्सं, उद्या खडूच लावते आत. बघते कसा सापडत नाही.”

तिचे हात पिंजऱ्याच्या दाराची उगाच उघडझाप करत होते. भाऊ गेला तेव्हा वहिनीने असंच कपाटाचं दार दिवसभर उघडलं आणि लावलं होतं. मास्तरीणबाईला ते आठवलं. तिने पुढे होऊन पिंजरा काढून घेतला.

“वहिनी, उंदीर नाहीये.”

“मग काय भूत खातं?”

“मी खाते.”

वहिनीने टेबलावरची कुरतडलेली वडी उचलून पाहिली. डॉक्टरीणबाईंची एक बाही अंगात, एक बाहेर. “रक्तातलं लोह कमी झालं की लागते अशी माती-खडूची ओढ,” त्या म्हणाल्या.

“आणि बाबाही खायचे,” मास्तरीणबाई म्हणाली. आवाज बारीक झाला होता, अकरा वर्षांच्या मुलीसारखा. “शेवटच्या वर्षी. त्यांचाही दम असाच तुटायचा, गाण्याची ओळ पुरी व्हायची नाही. मला म्हणाले होते, कोणाला सांगू नकोस. चाळीस वर्षं नाही सांगितलं हो मी.”